पावाऐवजी काय? : भाकरीचा हिशेब



स्मरणिकेच्या पानांवर पाव आणि भाकरीसारखा रोजच्या ताटातला विषय पाहून काहींना नवल वाटेल. परंतु समाजाची उन्नती जशी शिक्षणाने होते, नोकरीने होते, तशीच ती निरोगी शरीरानेही होते. घरातला कर्ता माणूस पंचेचाळिशीतच मधुमेहाने खचला, तर औषधपाण्याचा खर्च वाढतो आणि त्याची झळ मुलांच्या शिक्षणापर्यंत पोहोचते. म्हणून ताटाचा विचार हा समाजाचाच विचार आहे, असे आम्ही मानतो.

डॉक्टरांनी "वजन कमी करा, पाव-बिस्किटे बंद करा" असे सांगितले की घरी पहिला प्रश्न उभा राहतो, मग खायचे काय? त्यावर शेजारीपाजारी लगेच सांगतात, "भाकरी खा, भाकरीने वजन उतरते." बरेच जण त्याप्रमाणे करतात. दोन महिन्यांनी काट्यावर उभे राहतात, तर काटा तिथेच. मग भाकरीवरचा विश्वास उडतो आणि पुन्हा पाव सुरू होतो. असे का होते, आणि काय केले असता होणार नाही, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

आपले ताट कसे बदलले?

जासई आणि उरण तालुक्याचा हा सारा परिसर मूळचा भातशेतीचा, मिठागरांचा आणि खाडीचा. येथील घराघरांत तांदळाची भाकरी आणि सोबत मासळी किंवा वाल-चवळीचे कालवण हेच मुख्य अन्न होते. शेत स्वतःचे असो की दुसऱ्याच्या बांधावर मजुरी असो, चिखलणी, लावणी, कापणी, मीठ ओढणे ही सगळी अंग मोडणारी कामे होती. तीन-तीन भाकऱ्या खाऊनही माणूस काटक राहत असे, कारण ते अन्न अंगातल्या घामाबरोबर खर्च होत असे.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी जमिनी संपादित होऊ लागल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. या लढ्याचे नेते दि. बा. पाटील हे याच जासईचे सुपुत्र. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले, कंटेनरची गोदामे आली, रस्ते रुंद झाले. भातखाचरे कमी झाली आणि कामाचे स्वरूपही पालटले. आज आपल्यातील कोणी वाहन चालवतो, कोणी गोदामात नोंदी ठेवतो, कोणी पाळीने पहारा देतो. बसून किंवा उभे राहून करावयाची ही कामे आहेत.

पाळीच्या नोकरीबरोबर ताटात पाव आला. पहाटे घर सोडताना चहा-पाव, नाक्यावर वडापाव, मुलांच्या डब्यात ब्रेड-जॅम. पाव तयार मिळतो, हातात धरून खाता येतो, भांडे लागत नाही. दोघेही कामावर जाणाऱ्या घरात त्याचा आधार वाटणे स्वाभाविक आहे. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. पण श्रम निम्म्यावर आले आणि खाणे मात्र तेवढेच राहिले किंवा वाढले, ही गोष्ट आपण मान्य केली पाहिजे.

याचे परिणाम साऱ्या देशात दिसत आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

उष्मांक म्हणजे काय?

उष्मांक, म्हणजेच कॅलरी, हे अन्नातून मिळणाऱ्या शक्तीचे माप आहे. जसे धान्य किलोत मोजतो तशी अन्नातली शक्ती उष्मांकात मोजतात. शरीराला रोज जेवढे उष्मांक लागतात त्याहून जास्त पोटात गेले, तर उरलेले चरबीच्या रूपाने साठतात. कमी गेले, तर साठवलेली चरबी वापरली जाते. वजन कमी करण्याचे सगळे मार्ग शेवटी या एका हिशेबापाशी येऊन थांबतात.

आता धान्यांकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांवरून प्रत्येकी १०० ग्रॅमचे आकडे ढोबळमानाने असे आहेत :

मैदा – ३५० उष्मांक, चोथा ३ ग्रॅम
पांढरा तांदूळ – ३५५ उष्मांक, चोथा ३ ग्रॅम
गव्हाची कणीक – ३२० उष्मांक, चोथा ११ ग्रॅम
ज्वारी – ३३५ उष्मांक, चोथा १० ग्रॅम
बाजरी – ३५० उष्मांक, चोथा ११ ग्रॅम
नाचणी – ३२० उष्मांक, चोथा ११ ग्रॅम

हे आकडे नीट वाचले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, उष्मांकांच्या बाबतीत सगळी पिठे जवळपास सारखीच आहेत. कोणतेही पीठ जादूने हलके नाही. दुसरी, खरा फरक चोथ्यात, म्हणजे तंतुमय भागात आहे. नाचणी, ज्वारी, बाजरी आणि कोंड्यासह दळलेला गहू यांत मैद्याच्या तिप्पट-चौपट चोथा आहे. चोथ्यामुळे पचन सावकाश होते, त्यामुळे पोट लवकर भरते, भूक उशिरा लागते आणि रक्तातली साखर एकदम चढत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला थोडी कडू लागेल. आपली आवडती पांढऱ्या तांदळाची भाकरी चोथ्याच्या बाबतीत मैद्याच्याच पंक्तीत बसते. तेव्हा पाव सोडून नुसती तांदळाची भाकरी, तीही पूर्वीच्याच मापाने खाल्ली, तर वजन उतरणार कसे?

एका भाकरीचे वजन

ब्रेडची एक साधी स्लाईस २५ ते ३० ग्रॅमची असते आणि तिच्यात सुमारे ७० उष्मांक असतात. लादीपावातल्या एका पावात सुमारे १२० उष्मांक धरावेत. आमच्या घरी एका भाकरीला किती पीठ लागते, हे आम्ही एकदा सहज काट्यावर ठेवून पाहिले. ते ९० ग्रॅम भरले. म्हणजे एका भाकरीत सुमारे ३२० उष्मांक, जवळजवळ साडेचार स्लाईस ब्रेडइतके! शेतावर जाणाऱ्या माणसासाठी ठरलेले हे माप घरात तसेच चालत आले होते. शेत गेले, पण माप राहिले.

म्हणून पावाला पर्याय शोधणाऱ्याने प्रथम घरातल्या भाकरीचे पीठ एकदा मोजावे. काटा नसेल तर किराणा दुकानातून ५० ग्रॅम पीठ मोजून आणावे, घरच्या एका वाटीत ते कुठपर्यंत येते ती खूण लक्षात ठेवावी आणि तेवढ्याच पिठाची भाकरी थापावी. एवढ्या पिठात १६० ते १८० उष्मांक असतात. बैठे काम करणाऱ्याला वजन कमी करताना अशी एक भाकरी, सोबत उसळ किंवा डाळ व भरपूर भाजी, एका वेळेस साधारणपणे पुरते.

पावाला घरगुती पर्याय

१) नाचणी-तांदळाची भाकरी : तोंडाला तांदळाची सवय असल्याने एकदम बदल करू नये. प्रथम दोन भाग तांदूळ आणि एक भाग नाचणी घ्यावी, पुढे निम्मे-निम्मे, आणि जमल्यास पूर्ण नाचणी. नाचणीत चिकटपणा आणणारे द्रव्य नसते, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढावी आणि गरम असतानाच मळावी. मग भाकरी थापताना चिरत नाही. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असते. आपल्या भगिनींच्या हाडांसाठी ही मोठी देणगी आहे.

२) ज्वारी किंवा बाजरीची भाकरी : देशावरची ही भाकरी आता आपल्याकडेही पीठ रूपाने सहज मिळते. बाजरीत लोह अधिक असते. पीठ ताजे दळलेले घ्यावे, बाजरीचे पीठ फार दिवस ठेवल्यास कडू होते.

३) मुगाचे धिरडे : ४० ग्रॅम मूग रात्री भिजवून सकाळी आले-मिरची घालून वाटावेत आणि चमचाभर तेलात दोन धिरडी काढावीत. सुमारे १७५ उष्मांक होतात आणि प्रथिने भरपूर मिळतात. सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांना पावाप्रमाणेच हातात धरून खाता येणारा हा पदार्थ आहे.

४) मोड आलेल्या कडधान्याची उसळ : ३० ग्रॅम कोरड्या मुगाची किंवा मटकीची वाटीभर उसळ होते. चमचाभर तेलासह तिचे १५० उष्मांक धरावेत. हिच्यासोबत पाव घेतलाच पाहिजे असे नाही. कांदा, काकडी, लिंबू घालून नुसती खाल्ली तरी दोन-तीन तास भूक लागत नाही.

५) नाचणीची आंबील : २५ ग्रॅम पीठ पाण्यात शिजवून ताकात मिसळावे. सुमारे १०० उष्मांकांत संध्याकाळची वेळ निभावते. नाक्यावरच्या वडापावापासून वाचण्याचा हा चांगला उपाय आहे, कारण एका वडापावात सुमारे ३०० उष्मांक असतात.

६) चाळणी न लावलेल्या कणकेची पोळी : शिधावाटप दुकानातला गहू चक्कीवर दळून आणल्यावर कोंडा चाळून टाकू नये. ३० ग्रॅम कणकेची पोळी तेल न लावता भाजली तर १०० च्या आतच उष्मांक होतात.

यांपैकी एकही पर्याय महागडा नाही. परदेशी नावाच्या डब्यातल्या खाद्यासाठी पैसे घालवण्याची मुळीच गरज नाही.

दोन न्याहाऱ्या

समजा, एक गृहस्थ सकाळी चार स्लाईस ब्रेड, त्यावर मिळून २० ग्रॅम लोणी आणि दोन चमचे साखरेचा चहा घेतात. ब्रेडचे २८०, लोण्याचे सुमारे १४५, चहाचे दुधासह ७५, असे एकूण ५०० उष्मांक झाले.

दुसरे गृहस्थ ५० ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी, वाटीभर मुगाची उसळ आणि एक चमचा साखरेचा चहा घेतात. भाकरीचे १६०, उसळीचे १५०, चहाचे ५५, असे एकूण ३६५ झाले.

फरक १३५ उष्मांकांचा. महिन्याचा हिशेब चार हजारांवर जातो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक, त्यामुळे कागदावर तरी महिन्याला अर्धा किलो वजन उतरते. प्रत्यक्षात शरीर थोडे हळू चालते, पण दिशा हीच. आणि एक गोष्ट पाहा, ही बचत भाकरीमुळे थोडी आणि लोणी व साखर गेल्यामुळे पुष्कळ झाली आहे. पाव एकटा येत नाही. तो लोणी, जॅम, वडा, भजी यांना सोबत घेऊन येतो. भाकरी मात्र डाळ-भाजीला बोलावते. दोघांतला खरा फरक इथे आहे.

मिठाचेही तसेच. चार स्लाईस ब्रेडमधून एक ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जाऊ शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम आहे. भाकरीत मीठ घातले नाही तरी चालते. मात्र भाकरीसोबत सुके बोंबील, खारवलेली मासळी, लोणचे-पापड रोज घेतले तर हा फायदा गेलाच म्हणून समजा.

फसवे पर्याय

तपकिरी रंगाचा ब्रेड दिसला की तो पौष्टिकच, अशी समजूत असते. रंग जळवलेल्या साखरेनेही आणता येतो. पुडक्यावर घटकांची यादी असते, आणि जो घटक वजनाने सर्वांत जास्त त्याचे नाव प्रथम, असा नियम आहे. पहिले नाव मैद्याचे असेल, तर वरचे चित्र कितीही हिरवेगार असो, तो मैद्याचाच ब्रेड. विद्यार्थ्यांनी ही यादी वाचण्याची सवय लावून घ्यावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही वाचून दाखवावी. शिक्षणाचा तोही एक उपयोग आहे.

टोस्ट, खारी आणि बटर हे आजारी माणसाला "हलके" म्हणून देतात. ब्रेडमध्ये एक तृतीयांशाहून अधिक पाणी असते. टोस्टमधले ते पाणी उडालेले असते आणि खारीत भरपूर तूप-तेल घातलेले असते. त्यामुळे १०० ग्रॅममागे ब्रेडचे सुमारे २५० उष्मांक, तर यांचे ४०० किंवा त्याहूनही अधिक होतात. हातात हलके लागते ते अंगाला हलके असतेच असे नाही.

मात्रा जाणून खावे

भोजनातील मात्रा ओळखणे ही शिकवण आपल्याला नवी नाही. संयुक्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. तो द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा असाच जेवून, धापा टाकत तो श्रावस्तीला भगवान बुद्धांकडे आला. त्याची अवस्था पाहून भगवंतांनी मोजून खाण्याचे महत्त्व सांगणारी गाथा म्हटली. राजाने जवळ उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणण्यास सांगितले. त्यासाठी त्याला रोज शंभर कार्षापणेही देऊ केली. राजाचा आहार हळूहळू उतरत नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर सडपातळ व चपळ झाले.

या कथेत राजाला अन्न बदलायला सांगितलेले नाही, उपासही सांगितलेला नाही. भात तोच राहिला, माप कमी झाले, आणि तेही सावकाश. जेवताना आठवण करून देणारे कोणीतरी शेजारी होते, ही गोष्टही महत्त्वाची. आपल्या घरी हे काम शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी करू शकते, आणि त्यासाठी त्यांना कार्षापणेही मोजावी लागणार नाहीत!

कोणी किती सावध असावे?

आपल्याला वजन कमी करण्याची गरज आहे का, हे आधी पाहावे. शिंप्याकडची टेप बेंबीच्या पातळीला पोटाभोवती धरावी. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर सावध व्हावे. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाचे वजन साधारण ६१ किलोच्या आत असणे चांगले, ६६ च्या वर गेल्यास तो आपल्याकडील मापाने स्थूल गणला जातो.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता आहार कमी करू नये, साखर एकदम उतरून चक्कर येण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी कडधान्ये वाढवण्यापूर्वी सल्ला घ्यावा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता आणि वाढत्या वयाची मुले यांनी वजन उतरवण्यासाठी खाणे तोडू नये. त्यांच्या ताटात भाकरी-उसळ जरूर असावी, पण पोटभर. आणि नुसत्या खाण्याने काम भागत नाही, आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे हवे.

भाकरीची लाज कशाला?

शेवटी मनातली एक गोष्ट सांगतो. आपल्या कित्येक घरांत भाकरीविषयी एक अढी आहे, आणि तिला कारणही आहे. बलुत्याच्या काळात गावकीची कामे करून आपल्या वाडवडिलांना घरोघर भाकरी मागावी लागे. ती शिळी, तुकड्यांची भाकरी म्हणजे गुलामीची खूण होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस आणि उष्टे-शिळे तुकडे टाकून देण्याचे आवाहन केले. आपल्या लोकांनी ते ऐकले, प्रसंगी उपाशी राहून ऐकले. अशा समाजात शहरी नोकरीबरोबर आलेला पांढराशुभ्र पाव प्रतिष्ठेचा वाटला आणि डब्यातली नाचणीची काळी भाकरी मुलांना लपवावीशी वाटली, तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

परंतु बाबासाहेबांनी टाकायला लावली ती लाचारी. स्वतःच्या कमाईच्या धान्याची, स्वतःच्या घरात भाजलेली ताजी भाकरी ही स्वाभिमानाचीच भाकरी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. ज्या नाचणी-ज्वारीला गरिबांचे अन्न म्हणून हिणवले गेले, तिची महती आज जग गाते आहे. आपण मात्र तिला लाजून पाव खात बसावे, हे योग्य नव्हे.

सुरुवात छोटीच करावी. पाव पूर्ण सोडण्याची शपथ घेऊ नये, अशा शपथा आठ दिवसांत मोडतात. आठवड्यातले चार दिवस पावाऐवजी मोजक्या पिठाची भाकरी आणि उसळ, एवढा नियम पुरेसा आहे. आपल्या बुद्धविहारातही वंदनेनंतर किंवा जयंतीच्या कार्यक्रमात अल्पोपाहार म्हणून वडापावाऐवजी वाटीभर उसळ आणि काकडीची फोड देता येईल. महिला मंडळाने मनावर घेतले तर हे काम पुढच्या कार्यक्रमापासूनच सुरू होऊ शकते, आणि खर्चही वाढणार नाही.

आपण सर्वांनी आज रात्री भाकरी थापण्यापूर्वी एकदा पीठ मोजून पाहावे, एवढीच विनंती. आपणा सर्वांस निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही मंगल कामना!

जय भीम! नमो बुद्धाय!